गुडघ्याएवढी रेघ

मंडळी, ऐका. साहेब दारात उभा, गल्ली गोळा झालेली — आणि सून बादली-फडकं घेऊन येते, चारचौघांत सासूला उघडं पाडते. अशा सुनेला काय म्हणावं? बोला की. बायका हसतायत, म्हणजे घरोघरी एकेक आहे. आमची ती बघा, देवळाच्या खांबाआड बसलीय. सुगंधा. वीस दिवस मी तिच्याशी बोललेली नाही. आज न्याय इथंच करू.

पूर ओसरला, तलाठी पंचनाम्याला येणार. त्याची रीत साधी. भिंतीवर पाण्याची रेघ राहते, ती टेपानं मोजायची. रेघ जेवढी वर, तेवढं घराचं नुकसान मोठं. आमचं घर उंच जोत्यावर, रेघ गुडघ्याएवढी. खालच्या अंगाला इंदूआक्काचं मातीचं घर. तिथं रेघ छातीला, मागची भिंत बसलेली. बाई गोठ्यात निजत होती.

मी काय केलं? ज्या हातानं तुमच्यापुढं चिपळ्या धरते, त्याच हातानं ओला गाळ घेतला आणि डोक्यावरच्या खुंटीपर्यंत भिंत लिंपली. झकास लिंपली — लिंपणात माझा हात कोण धरणार? पण मी दुसरीपर्यंतच शिकलेली. शेजारच्या दोन घरांत पाणी एकाच पातळीला उभं राहतं, हे टाळक्यातच आलं नाही.

तलाठ्यानं टेप लावला. माझ्याकडं बघितलं.

"माई, खालच्या घरात छातीला आणि वरच्यात खुंटीला? पाणी पायऱ्या चढून आलं का? यातली एक रेघ खोटी आहे."

"माई कशाला खोटं करतील?" दादू सुतार म्हणाला. "त्यांच्या तोंडी देवाचं नाव. इंदूची भिंत मूळचीच कललेली, पुरानं पडलेली नाही."

सगळ्या माना इंदूकडं वळल्या. ती माझ्याकडं बघत होती. "माई, तुम्ही सांगा की. तुम्ही बघितलंय पाणी."

मंडळी, मी पदर सारखा केला. बोलले नाही. वर — आता काय लपवू — बरं वाटलं, की माझ्यावर कुणाचा संशय नाही.

तेवढ्यात सुगंधा आली. "आत्याबाई, सरका." एवढंच. फडकं फिरलं, गाळ उतरला, आत पांढराशुभ्र चुना. आणि गुडघ्यापाशी चुन्यात मुरलेली खरी रेघ. तलाठ्यानं तेवढीच लिहिली, आणि इंदूच्या घरापुढं लिहिलं — राहण्यालायक नाही.

हसताय? हसा. पण घरी जाऊन आपापल्या भिंती बघा. आपलं नाव मोठं असलं आणि ऐनवेळी आपण गप्प बसलो, की ते नाव शेजाऱ्याच्या डोक्यावर कोसळतं. त्या पडझडीचा पंचनामा कोण करणार?

ऊठ सुगंधा, पुढं ये. चारचौघांत उघडं पाडलंस, आता चारचौघांतच ऐक. खोटी मी होते. दिवाळीला भिंतीला चुना देशील, तेव्हा ती गुडघ्याची रेघ तेवढी सोड. का सोडलीस म्हणून मी ओरडले, तर सांग — आत्याबाई, तुम्हीच सांगितलंय.