बत्तीस मिलिमीटरचे गोळे

…आणि वर ती बाई हसते हो! हसत हसत म्हणते, ‘फ्रेंड्स, फक्त तीस मिनिटं! ऑफिसमधून दमून आलात तरी चालेल!’ चालेल? कुणाला चालेल? तुम्हाला सांगतो, त्या व्हिडिओतल्या बाईच्या ओट्यावर बारा वाट्या मांडलेल्या होत्या. एकीत चिरलेला कांदा, एकीत ठेचलेला लसूण, एकीत दुधात भिजवलेला पाव… आता तो कांदा चिरला कुणी? लसूण सोलला कुणी? त्या बारा वाट्या घासणार कोण? ते तीस मिनिटांत धरलेलंच नाही! ती नुसती वाटी उचलते, कढईत पालथी करते आणि म्हणते, ‘झालं की नाही सोप्पं?’ माझं काही म्हणणं नाही. व्हिडिओ तिचा, वाट्या तिच्या. पण माझ्याकडे एकूण सत्तर मिनिटं होती आणि त्या सत्तरांत स्वयंपाक उरकून मला बायकोशी बोलायचं होतं.

हसू नका! बायकोशी बोलणं ही आमच्या घरात वेळ काढून करायची गोष्ट आहे. ती नर्स. बारा वर्षं रात्रपाळी. मी बॉल बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस, कायम दिवसपाळी. मी सहाच्या सुमाराला घरी पोचतो, ती सात पंचवीसची बस धरते. मधल्या तासाभरात ती डबा आणि इस्त्रीत, मी दळण आणि भाजीत. सकाळी ती येते तेव्हा मी बाहेर पडत असतो, म्हणजे भेटतो कुठे, तर जिन्यात! ‘दूध?’ ‘घेतलंय.’ ‘किल्ली?’ ‘आहे.’ झाला संसार! बाकीचा सगळा फ्रिजच्या दारावर, चिठ्ठ्यांवर. ‘गॅस संपत आलाय.’ ‘तुमच्या ताईंचा फोन होता, करा.’ ‘गोळी घेतलीत का?’ एका वर्षी तर माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि नळवाल्याचा नंबर एकाच चिठ्ठीवर होते. माझं काही म्हणणं नाही, तेवढाच कागद वाचला.

तर त्या फ्रिजवर एके दिवशी पत्र लागलं. परगावच्या मोठ्या हॉस्पिटलचं. हिला हेड नर्स म्हणून बोलावलंय, दिवसपाळी, राहायला क्वार्टर. गाव कुठे? रेल्वेने नऊ तास! आणि तिकडे बेअरिंगचा एक कारखाना असेल तर शपथ, म्हणजे मी इथेच. पत्राखाली हिची चिठ्ठी, ‘वाचलंत का? बोलू या.’ मी त्याखाली लिहिलं, ‘वाचलं. बोलू या.’ दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, ‘कधी?’ मी लिहिलं, ‘सवडीने.’ सवडीने! अहो, बाईला शुक्रवारी सकाळी दहाच्या आत उत्तर कळवायचंय आणि हा शहाणा लिहितोय सवडीने!

असे सहा दिवस गेले. तुम्ही म्हणाल, सरळ बोलायला काय धाड भरली होती? तेच सांगतो. मला ती जायला नको होती. एवढंच. पण बारा वर्षं रात्र रात्र उभं राहून त्या बाईचे पाय सुजतात हो. दुपारी पडदे ओढून झोपते, तेही खाली सुताराची करवत चालू असताना. आणि आता कुठे कुणीतरी म्हणतंय की बाई, दिवसा काम कर आणि रात्री माणसासारखी झोप, तर त्याला मी ‘नको’ कोणत्या तोंडाने म्हणू? आणि ‘जा’ म्हणायला जीभ उचलत नव्हती. म्हणून सवडीने!

शेवटी आमच्या कारखान्यातले स्टोअरवाले काका म्हणाले, ‘हे बघ, बायकोशी महत्त्वाचं बोलायचं तर रिकाम्या पोटी बोलू नये. स्वतः रांध, तिला जेवायला बसव, आणि मग तोंड उघड.’ आता काकांनी जन्मात चहाचं आधण ठेवलेलं नाही, पण माझं काही म्हणणं नाही. मला पटलं. आणि आठवलं की पाच-सहा वर्षांपूर्वी ही कुणा मैत्रिणीच्या निरोपाच्या पार्टीला गेली होती, तिथे पास्ता होता, टोमॅटोच्या सॉसमधला, आणि त्यात खिम्याचे गोळे. सकाळी जिन्यात मला म्हणाली होती, ‘अहो, इतके मऊ गोळे!’ दोन पायऱ्या वर गेल्यावर वळून पुन्हा म्हणाली, ‘इतके मऊ!’ माझ्या सगळं लक्षात राहतं. फक्त तोंडावाटे बाहेर पडत नाही.

तर गुरुवार. शेवटचा दिवस. पाचला सुटलो तो थेट खाटकाकडे. तो म्हणतो, ‘खिमा एकदा काढू की दोनदा?’ म्हटलं, ‘म्हणजे काय होतं?’ ‘मऊ हवा तर दोनदा.’ ‘मग दोनदा.’ ‘मग थांबा.’ पुढे पाच गिऱ्हाइकं! त्यातल्या एका आजोबांनी हाडाहाडाची चौकशी केली. तीस मिनिटांत हे आजोबासुद्धा धरलेले नाहीत! घरी पोचलो तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झालेली. ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढऱ्या युनिफॉर्मला इस्त्री फिरवत होती. माझ्या हातातल्या पिशव्या बघून इस्त्री हवेतच राहिली.

‘अहो, आज काय विशेष?’

‘काही नाही. तू बस. आज मी करतो.’

‘तुम्ही?’ आता या ‘तुम्ही’त जेवढं काही भरता येईल तेवढं तिने भरलं होतं. माझं काही म्हणणं नाही. मी पातेल्यात पाणी चढवलं. ती व्हिडिओतली म्हणते, ‘पाणी उकळलं की पास्ता टाका!’ अगं, पण उकळणार कधी? आमच्या मोठ्या पातेल्याला उकळी फुटायला सतरा मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली! तोवर टोमॅटोची सालं काढा म्हणे. गरम पाण्यात बुडवा, अलगद निघतात म्हणे. माझी बोटं पोळून त्यांची सालं निघायची वेळ आली, टोमॅटो आपले शाबूत!

तेवढ्यात मागून हळूच आवाज. ‘अहो… ते पत्राचं…’

‘एक मिनिट हं, लसूण करपेल!’

लसूण करपत नव्हता हो. लसूण अजून सोललेलासुद्धा नव्हता!

मग आले गोळे. खिमा, भिजवलेला पाव, अंडं, मीठ, मिरपूड, सगळं कालवलं आणि पहिला गोळा वळला. उत्तम. दुसरा वळला. जरा मोठा. आता तुम्ही काय कराल? सोडून द्याल. मी बावीस वर्षं काय करतोय? माल हातात घ्यायचा, मापात आहे की नाही बघायचं, नसला तर बाद! दिवसाला हजारो बॉल डोळ्याखालून जातात. दुसऱ्यातला थोडा काढला. आता तो लहान. पहिल्यातला काढून याला लावला. आता पहिला अंडाकृती! मला घाम फुटला. हात धुतले, पिशवीतून व्हर्निअर काढला, धुऊन पुसून घेतला, आणि माप ठरवलं. बत्तीस मिलिमीटर. एक वळायचा, मोजायचा, ताटलीत ठेवायचा. चौतीस भरला? मोडा. एकतीस? बाद! चोवीस गोळ्यांसाठी मी एकतीस वळले.

इस्त्री कधीच बंद झाली होती. ही टेबलाशी बसून हाताची घडी घालून बघत होती. म्हणाली, ‘अहो, पोटात गेल्यावर ते काही गरगर फिरायचे नाहीत. राहू द्या थोडे वेडेवाकडे.’

‘एकसारखे असले की एकसारखे शिजतात,’ मी म्हटलं.

‘तुम्ही जरा माझ्याकडे बघून बोलाल का?’

‘हे काय, झालंच! शेवटचे पाच!’

तुम्हाला खरं सांगतो, ते शेवटचे पाच मी मुद्दाम सावकाश वळले. हातात गोळा आहे तोवर माणसाला कुणी काही विचारत नाही, अशी आपली माझी समजूत. बाकी भीती तर इतकी वाटत होती की व्हर्निअरवरचा आकडा दोन-दोनदा वाचावा लागत होता.

सॉस रटरटला, गोळे त्यात सोडले, पास्ता पातेल्याबाहेर तंगड्या काढून उभा राहिला, त्याला दाबून आत बसवला… आणि ताटं टेबलावर आली तेव्हा किती वाजले होते? सात चौदा! अकरा मिनिटं हातात. त्यातली दोन बसस्टॉपपर्यंतची. ही युनिफॉर्म चढवून बसली होती, पांढरा शुभ्र, कडक इस्त्रीचा. पहिला गोळा खाल्ला. डोळे मिटले. म्हणाली, ‘मऊ झालेत हो!’ आणि माझ्याकडे अशी बघून हसली की म्हटलं, हीच वेळ. काकांनी सांगितलं तसं. तोंड उघडलं…

आणि तिने दुसऱ्या गोळ्याला काटा लावला. आता बत्तीस मिलिमीटरचा, चहूबाजूंनी तपासलेला, सॉसने बुळबुळीत झालेला गोळा काट्याला दाद देईल? बॉल कुठेही न अडता घरंगळला पाहिजे, एवढंच तर मी बावीस वर्षं बघतोय! तो ताटलीतून सुटला, टेबलावरून गेला, आणि तिच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल रेघ ओढत खाली उतरला.

संपलं! ती उठली, मोरीकडे धावली, मग कपाटाकडे, दुसरा युनिफॉर्म काढला, तो चुरगळलेला. मी इस्त्री लावायला धावलो, ती म्हणाली, ‘राहू द्या, वेळ नाही.’ मी डाग पुसायला ओलं फडकं आणलं, तर डाग पडलेला युनिफॉर्म बादलीत आणि मी फडकं घेऊन दारात उभा! सात बावीस झाले. पर्स खांद्याला, एका पायात चप्पल, दुसरी हातात, आणि तशीच थांबली.

‘मग? सकाळी काय कळवू?’

मी फडकं पिळत होतो.

‘अहो, एक काहीतरी म्हणा. जा म्हणा, नाहीतर नको जाऊस म्हणा. काहीही म्हणा, मी ऐकेन.’

तुम्हाला सांगतो, शब्द आले होते हो. इथे, गळ्यापर्यंत आले होते! आणि मी म्हणालो काय? मी म्हणालो, ‘तुला योग्य वाटेल ते कर. माझं काही म्हणणं नाही.’

रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं ‘बरं’ म्हणाली, दुसरी चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरली. मी आत येऊन टेबलाशी बसलो. बावीस गोळे उरले होते. एक गेला नाही घशाखाली.

सकाळी लवकर निघालो. तिला जिन्यात गाठायची हिंमत नव्हती, दुसरं काय? संध्याकाळी आलो तर ही वाढीव ड्युटीवर गेलेली, आणि फ्रिजवर चिठ्ठी. ‘होकार कळवला. गोळे छान झाले होते. सगळे एकसारखे.’ ती चिठ्ठी मी अजून काढलेली नाही.

आता तीन महिने झाले तिला जाऊन. आणि गंमत बघा! तिला दिवसपाळी, मला दिवसपाळी, दोघं संध्याकाळी मोकळे. रोज साडेसातला तिचा फोन येतो आणि तासभर चालतो. बारा वर्षं एका छपराखाली राहून झालं नव्हतं तेवढं बोलणं नऊ तासांच्या अंतरावरून झालंय. तिच्या वॉर्डातली एक आजी गोळी जिभेखाली लपवते आणि गादीखाली साठवते, हे मला माहीत आहे. सुताराने करवत बदलली, हे तिला माहीत आहे. पायांची सूज उतरली म्हणते. आवाजसुद्धा बदललाय तिचा, झोप झालेल्या माणसाचा आवाज. ऐकून बरं वाटतं, आणि वाईटही वाटतं, दोन्ही एकदमच.

काल मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘अहो, खरं सांगा, एकट्याने कसं वाटतं?’ आता याहून सरळ प्रश्न कुणी विचारील का हो? नुसती पायघड्या घालून उभी होती बाई! मी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली, आणि म्हटलं, ‘इथलं… इथलं बरं चाललंय. तुझ्याकडे नळाला पाणी येतं ना वेळेवर?’

फोन ठेवला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मग म्हटलं, जाऊ दे, नेमणूक दोन वर्षांची आहे. तीन महिने गेले, एकवीस उरले. आणि म्हणायचंय काय, तर ‘परत ये’. मोजून दोन शब्द. म्हणजे शब्दामागे साडेदहा महिने… होईल की सवडीने!