सायकल नसलेल्या घरातला सायकलचा पंप

सायकल नसलेल्या घरात सायकलचा पंप कशाला, हे मला बारा वर्षं कळलं नव्हतं. परवा कळलं, तेही मोटारवाल्या सेल्वमकडून.

कुंभकोणमला आमच्या विहिरीवर मोटार आणि प्रेशर टँक आहे. गेला आठवडाभर नुसता तांब्या भरला तरी मोटार टक्कन सुरू व्हायची आणि लगेच बंद पडायची. सेल्वमनं टँक बोटांनी वाजवून पाहिला. "अम्मा, आतली हवा गेलीय. असंच चाललं तर मोटार जळेल. सर असते तर असं झालं नसतं."

"सर काय करायचे?"

"दर आयुधपूजेच्या आधी टँक रिकामा करून हवा भरायचे. तुम्हाला ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. सायकल विकली तरी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, हे सायकलचा पंप पुजायला मांडायचे. मी कुंकू लावता लावता म्हणायचे, "वाहन गेलं, आयुध तेवढं राहिलं." ते नुसते हसायचे. ते गेल्यावर यंदा जुन्या सामानाबरोबर मी तो पंप सेल्वमलाच देऊन टाकला.

आता त्यानं पिशवीतून तोच पंप काढला. दांड्यावर माझं कुंकू अजून होतं.

"तुम्ही पंप दिलात तेव्हा मला वाटलं, सरांचं काम माझ्यावर सोपवलंत," तो म्हणाला. "मग बोलावणं कसं येईना, याचंच नवल वाटत होतं."

"सोपवलंच होतं," मी म्हटलं. "उगाच दिला होता का?"