रिकाम्या शेडमधला सूर

नमस्कार मंडळी. उन्हाचे आलात, लांबलांबून आलात, तापलेल्या पत्र्याखाली बसलात. आभार मानायला हवेत, पण मास्तर असते तर म्हणाले असते, "आभार राहू द्या बाई, आधी नीट उभ्या राहा."

मी कुमुद. याच कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते आणि कारखान्याच्या ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. आयुष्यभर बोलण्याचाच पगार घेतला, तरी आज बोलणं जड जातंय. त्यात ही रिकामी शेड. मी एक वाक्य बोलते आणि ती ते मला परत ऐकवते. मागच्या मंडळींना दोनदा ऐकू येत असेल. म्हणून सावकाश बोलते.

समोर खुर्चीवर लाल कोट दिसतोय ना? तो मास्तरांचा. वहिनींनी सकाळी इस्त्री करून आणलाय. म्हणाल्या, "ह्यांना चुरगळलेला चालायचा नाही." गेल्या आठवड्यात माणूस गेलं, आणि ही बाई कोटाला इस्त्री करत होती. मला तिथेच रडू फुटलं. वहिनी नाही रडल्या.

मास्तर स्टोअरमध्ये कामाला होते, पण त्यांना स्टोअरकीपर कोणी म्हटलं नाही. बँडचे मास्तर, बस्स. एकदा मी फोनवर कोणाला तरी झापत होते, तर हे खिडकीशी येऊन उभे. म्हणाले, "बाई, काय दम आहे तुमचा! फोनवर वाया घालवू नका. कॉर्नेट घ्या." पुरुषांच्या बँडमध्ये बाई कशाला, असं विचारणारे निघालेच. मास्तर म्हणाले, "कॉर्नेटची काही तक्रार नाही. तुमची असेल तर लेखी द्या." कोणी दिली नाही.

मग ते दिवस आले. बाहेरचा माल आला, आपल्या मालाला गिऱ्हाईक राहिलं नाही. आपल्याला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा! इथे बसलेल्यांपैकी कोणाची इच्छा होती, हात वर करा बघू. करा ना!

यंत्रं ट्रकमध्ये चढली आणि गेली. वाद्यं तेवढी राहिली, कारण ती कोणालाच नको होती. मास्तर म्हणाले, "रविवारी सकाळी या. शेड मोकळीच आहे." कसब्यातून इथे हडपसरपर्यंत सायकल मारत आले ते. आम्हीही आलो. वॉचमन आपलाच होता.

पहिल्या रविवारी काय फजिती झाली, सांगते. यंत्रं होती तोवर आमचा आवाज त्यांच्यात अडकायचा. आता अडवायला काही नव्हतं. सूर सोडला की तो पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत यायचा, आणि असा भरून यायचा, की आपण किती झकास वाजवतो असं वाटावं. आम्ही खूश! पण परत येणारा सूर उशिरा येतो, हो. आम्ही त्याच्यासाठी थांबायला लागलो. मी थांबले, मग ट्रॉम्बोन थांबला, मग सगळेच. कूच, म्हणजे परेडची धून, वाजवायला घेतलं होतं, ते प्रेतयात्रेच्या चालीनं निघालं.

मास्तरांनी हात खाली घेतला. "कोणाबरोबर वाजवताय? भिंतीबरोबर? ती तुमचंच शिळं तुम्हाला वाढतेय. माझ्या हाताकडे बघा."

आमचा गेनू, लोणी काळभोरचा, ट्रॉम्बोनवाला, तो म्हणाला, "पर मास्तर, भिंत आपल्यापरीस भारी वाजवती, हाय का न्हाय?"

"मग तिला बँडमध्ये घे आणि तू तिच्या जागी चुना लावून उभा राहा."

हसा, हसा. मास्तरांना हसलेलं आवडायचं.

त्यानंतर हे त्यांचं पालुपदच झालं. कोणी म्हणालं, आता डीजेचा जमाना, बँड कोण ऐकतो? मास्तर म्हणायचे, "भिंत बोलतेय." माझ्या मुलाला शेजारच्याच काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरची नोकरी लागली. तो म्हणाला, "आई, आता पुरे की, घरी बस, एन्जॉय कर." मी म्हटलं, "भिंत बोलतेय." त्याला काही कळलं नाही. नंतर सांगितलं, तेव्हापासून दर रविवारी स्कूटरवरून सोडायला यायचा.

पंधरा ऑगस्टला मास्तरांनी सगळ्यांना लाल कोट घालून बोलावलं. साहेब नाहीत, कामगार नाहीत, पेढे नाहीत. मी विचारलं, "मास्तर, वाजवायचं कोणासाठी?" म्हणाले, "वाजवणारे आलेत ना? मग झालं." आम्ही वाजवलं. वॉचमन एकटा सावधान उभा होता. आणि शेवटचा सूर सोडल्यावर वाद्य तोंडावरून काढायचं नाही, ही मास्तरांची शिस्त. तो भिंतीवर जाऊन परत येईल, पूर्ण विरेल, तोपर्यंत हलायचं नाही. "मधे तिचं ऐकू नका," म्हणायचे. "शेवटी ऐका. तेवढा तिचा मान."

मग जागा विकली गेली, नव्या मालकांनी शेडला कुलूप घातलं आणि आमचे रविवार बंद झाले. आता ही शेड पाडायला सोमवारी माणसं येणार आहेत. मास्तरांची एकच इच्छा होती. पाडण्याआधी एकदा, सगळ्या बँडनं इथे वाजवायचं. त्यासाठी नव्या मालकांच्या ऑफिसात किती खेटे घातले त्यांनी! "बघू काका, नंतर या काका." दवाखान्यात झोपूनसुद्धा मला विचारत होते, "काय म्हणाले हो ते?" काय सांगणार होते मी?

जिवंतपणी मागितली तेव्हा शेड मिळाली नाही. मेल्यावर तासभर मिळाली. तीही अट घालून. "मॅडम, ओन्ली भाषणं. नो म्युझिक. बाजूला ऑफिस चालू असतं." ते साहेब मागे दाराशी उभे आहेत. साहेब, अट माझ्या लक्षात आहे. राग तुमच्यावर नाही, तुम्ही हुकमाचे ताबेदार. पण मला राग आलाय, आणि तो मी गिळणार नाही.

बँडची मंडळी, खुर्च्यांखालून काढा.

साहेब, पोलिसांना बोलवायचं तर खुशाल बोलवा. ते येईपर्यंत आमचं आटपेल. माझा मुलगा बाजूच्याच ऑफिसात आहे, तो खिडकी उघडून बसणार आहे. बाकीच्यांच्या कानांची जबाबदारी माझी. आणि बँड बंद होणार का म्हणून कालपासून फोन येताहेत. ऐकून ठेवा, होणार नाही. शेड नसेल तर माझ्या सोसायटीचं पार्किंग आहे. सेक्रेटरी मीच आहे!

मंडळी, आता सगळे उभे राहा. शोकसभेत मौन पाळतात, आपणही पाळू. पण आधी कूच, मग मौन. शेवटचा सूर सोडला की तो परत येईल. तो पूर्ण विरेपर्यंत कोणी खुर्ची सरकवायची नाही, कोणी खोकायचं नाही. तेच आपलं मौन.

गेनू, डोळे पूस. पुढे हात नाहीये, माहितेय मला. कोटाकडे बघ. आणि थांबायचं नाही, काय? भिंत काहीही म्हणू दे.

मास्तर, परवानगी काही मिळाली नाही हो. वाजवतोय.

घ्या श्वास.