पायडलखालचा प्लग

मला गाडीतलं कोणी काही शिकवलं नाही हो. बोटीच्या इंजिनात हात काळे करून मी स्वतः शिकले, म्हणून गॅरेजवाल्यांचा तोरा मला चालत नाही.

माझा धाकटा, इरफान, मस्कतला निघाला त्या दिवसाची गोष्ट. स्टेशनवर मीच सोडणार होते. आणि अंगणातून काढते तर नवी डिझेल जीप बैलगाडीसारखी रांगायला लागली. कितीही पाय दाबा, वेग घेईना, समोर इंजिनचा दिवा पेटलेला.

गॅरेजवाला आला नि म्हणाला, "चाची, कॉम्प्युटर गेला. दोन दिवस लागतील."

"कॉम्प्युटर नाही, तुझी अक्कल गेली. सरक!"

मी पायडलखाली डोकं घातलं. या गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते, वायरींचा प्लग असतो. तो निघून लोंबत होता. त्याची खिट्टी बोटाने दाबल्याशिवाय तो निघत नाही.

ओट्यावर आमचे हे सुपारी कातरत होते. फारच मन लावून.

"तुम्ही काढलात?"

"तूच म्हणालीस ना गो, हा निघाला तर गाडी बंद पडत नाही, नुसती हळू जाते."

"मग?"

"पोरगा दोन वर्षांसाठी चाललाय. स्टेशनपर्यंत तरी हळू जाईल."

मी प्लग बसवला. इंजिन छान घुमलं.

"बसा मागे, त्याच्याजवळ," मी म्हटलं.

आगगाडीला वेळ होता. स्टेशनपर्यंत मी तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. मागचे गाडीवाले हॉर्न मारत होते. मारू देत मेले.