क्रीलमन डॉक्टरांची साक्षीदार

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या सरकारी कचेरीत बाकावर बसून मी हे ऐकलं. खोटं वाटलं तर बाकाला विचारा.

"क्रीलमन डॉक्टर, मिगमॉ आदिवासींच्या वस्तीत हिवाळाभर उपचार केलेत, त्याचे पैसे सरकारनं द्यायचे तर साक्षीदार हवा."

"ही मादलेन आजी. हिचा ताप मी उतरवला."

"खरं का, आजी?"

"बर्फ तुडवत आला बिचारा. पण त्याचं औषध कुत्र्यानंही हुंगून सोडलं. ताप माझ्याच काढ्यानं उतरला."

"आजी, अहो..."

"वर हाच खोकत पडला. चार दिवस सालीचा काढा पाजला, तेव्हा उठला."

"डॉक्टर, खरं का?"

"खरं आहे."

"मग पैसे आजींचे. फक्त डॉक्टरांचा दाखला लागेल."

"आणा कागद, लिहून देतो."

"निम्मे त्यालाच द्या, साहेब. रोगी स्वतः चालत माझ्या दारी आला, हे काय थोडं झालं?"