नव्या पिस्तुलाचा वाकडा दात

मेट्रन : नाही म्हणजे नाही, मिस्त्री. ही पिस्तुलाची पेटी क्लबाच्या कपाटात ठेवा, कुलूप लावा, आणि सेक्रेटरींना सांगा, नेमबाजीच्या संघातून माझं नाव काढून टाका म्हणून.

मिस्त्री : अहो मेट्रनबाई, बसा तर आधी! दुपारी संघाची निवड आहे आणि तुम्ही सकाळीच नाव काढायला निघालात? आणि हे काय, सूनबाईसुद्धा? दवाखाना सोडून इकडे कुठे?

सून : यांच्या मागे धावत आलेय, काका. एकाची दाढ काढायची होती, त्याला म्हटलं दुपारी या, दाढ काही पळून जात नाही. पण सासूबाई पळाल्या ना! चहा तसाच टाकून, पेटी उचलून निघाल्या.

मेट्रन : तुला कुणी बोलावलं होतं?

सून : कुणी नाही. आगाऊ आहे मी. तुम्हीच म्हणता.

मिस्त्री : अहो पण झालंय काय?

मेट्रन : डोळे गेले माझे. झालं समाधान?

मिस्त्री : डोळे? तुमचे? परवा तुम्ही तिकडच्या भिंतीवरच्या पालीचं शेपूट तुटलंय म्हणून इथून सांगत होतात! मला तर पालही दिसली नव्हती.

मेट्रन : पाल दिसते हो. टार्गेट दिसत नाही. आल्या आल्या पलीकडच्या खोलीत टार्गेटवर दहा छर्रे मारून आले, शेवटचं म्हणून. सगळे डावीकडे. मंगळवारी उजवीकडे जात होते. त्याच्या आधी परत डावीकडे. पस्तीस वर्षं वॉर्डात इंजेक्शनं दिली मी, शीर कधी चुकली नाही. आणि आता एवढं मोठं काळं वर्तुळ सापडत नाही मला.

सून : आई, डोळे दाखवून तरी या एकदा.

मेट्रन : आले दाखवून. दोनदा.

सून : दोनदा? कधी?

मेट्रन : भाजी आणायला गेले होते तेव्हा.

सून : अहो, मला बोलायचंत तरी!

मेट्रन : भाजी आणली होती ना? मग झालं तर.

मिस्त्री : डॉक्टर काय म्हणाला ते सांगा.

मेट्रन : म्हणाला, नंबर तोच आहे, डोळे ठणठणीत आहेत. त्याचं मशीन बिघडलंय.

सून : दोन्ही वेळेला?

मेट्रन : दुसऱ्या वेळी दुसरा डॉक्टर होता. त्याचंही बिघडलंय.

सून : दोन डॉक्टरांची दोन मशीनं बिघडली, पण हे पिस्तूल बिघडलं असेल असं काही तुमच्या मनात आलं नाही?

मेट्रन : असं कसं मनात येईल? मशीनं परक्याची. पिस्तूल तू दिलेलंस.

सून : आई…

मेट्रन : आई आई करू नकोस. साठ पूर्ण झाली त्या दिवशी घरात कुणी शाल आणली, कुणी गुडघ्याचा पट्टा. तू एकटीनं पिस्तूल आणलंस. क्लबातल्या जुन्या, सगळ्यांनी हाताळलेल्या पिस्तुलावर शिकले मी, आणि तू मला माझं स्वतःचं दिलंस. आता त्यात खोट काढू? तोंड आहे मला?

मिस्त्री : आणि खोट निघणारच नाही! मी म्हणतो ते ऐका. मी स्वतः निवडून दिलंय सूनबाईंना. चाळीस वर्षं पिस्तुलं खोलतोय. नवी कोरी वस्तू, कंपनीचं सील फोडलं ते माझ्यासमोर.

सून : काका, एक सांगू? रागवायचं नाही.

मिस्त्री : मी कधी रागावतो?

सून : मी नेम धरायच्या त्या मागच्या खाचेचा स्क्रू फिरवलाय. बऱ्याचदा.

मिस्त्री : काय?

मेट्रन : काय केलंस?

सून : तुम्ही ते टार्गेटचे कागद फाडून केराच्या टोपलीत टाकायचात ना, ते मी जोडून बघायचे. सगळी भोकं डावीकडे दिसायची. इंटरनेटवर वाचलं, छर्रे डावीकडे जात असले तर खाच उजवीकडे सरकवायची. तुम्ही झोपायला गेलात की मी हळूच स्क्रू चार खटके उजवीकडे फिरवायचे. म्हटलं, यांना कळायचं नाही, आणि नेम लागेल, चेहरा फुलेल.

मेट्रन : म्हणजे ती तू होतीस?

सून : मीच.

मेट्रन : देवा रे! अगं, मी रोज बघायचे तर स्क्रू सरकलेला. मला वाटायचं मीच फिरवला आणि विसरले. गुपचूप परत शून्यावर आणायचे. डोळ्यांबरोबर डोकंही गेलं म्हणून आठ दिवस झोप नाही मला! चाव्या कुठे ठेवल्या, गॅस बंद केला का, दहा दहा वेळा उठून बघतेय मी!

सून : म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होतात? आई, खरंच चुकलं हो माझं.

मेट्रन : पण शून्यावर आणायलाच हवा होता. मिस्त्रींचा नियम आहे. नवीन पिस्तूल आलं की महिनाभर स्क्रूला हात लावायचा नाही, आधी हात बसवायचा. भिंतीवर लिहून ठेवलंय त्यांनी.

मिस्त्री : हां. लिहून ठेवलंय खरं.

सून : काका, तुम्ही तिकडे कुठे बघताय?

मिस्त्री : खिडकीतून ऊन आलंय का बघत होतो.

मेट्रन : मिस्त्री!

मिस्त्री : अहो, दोनदाच! तुमची पेटी मागच्या आठवड्यात इथे होती ना, तेव्हा. मीच शिफारस केलेली वस्तू आणि तुमचे गुण असे घसरत चाललेले. क्लबात तोंड कुठे लपवू? म्हटलं, जरा उजवीकडे द्यावं. कुणाला कळतंय.

सून : म्हणजे मी उजवीकडे, तुम्ही उजवीकडे, आणि या रोज मुकाट्यानं शून्यावर!

मेट्रन : आणि ज्या दिवशी शून्यावर आणायचं राहिलं, त्या दिवशी छर्रे उजवीकडे. म्हणून मंगळवारी तसं झालं होय! दोघांनी मिळून वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मला.

मिस्त्री : चूक कबूल. पण मेट्रनबाई, आज स्क्रू कुठे आहे?

मेट्रन : शून्यावर. मी स्वतः बघितलाय. आणि तरी दहाच्या दहा डावीकडे, म्हणजे आज तरी दोष माझाच.

मिस्त्री : द्या इकडे. मी मारून बघतो. पलीकडे नेम धरतो, तुम्ही इथेच बसा.

(पलीकडच्या खोलीतून तीन वेळा फट् असा आवाज येतो.)

सून : काय झालं, काका?

मिस्त्री : सर्दी झालीय मला.

सून : डावीकडे गेले ना?

मिस्त्री : आणि सकाळचा चहासुद्धा झालेला नाही.

मेट्रन : मिस्त्री, डावीकडे गेले का नाही?

मिस्त्री : गेले हो, गेले! तिन्ही! तुमच्या छर्‍यांच्या शेजारीच जाऊन बसले. चाळीस वर्षांत माझा असा नेम गेला नव्हता. आणि थांबा, हा तुमचा सकाळचा कागद काढून आणलाय. दहा छर्रे मारले म्हणालात? माझी तीन सोडली तर मला एकच भोक दिसतंय.

मेट्रन : नऊ कुठेतरी बाहेर गेले असतील.

मिस्त्री : बाहेर कुठले! कडा बघा ना या भोकाच्या. सगळे एकावर एक पडलेत. शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत दहा! अहो बाई, डोळे गेलेल्या माणसाचे छर्रे पोरांनी खडे फेकावेत तसे कुठेही पडतात. हे असे पडतात ते डोळे आणि हात दोन्ही शाबूत असलेल्या माणसाचे. तुम्ही नुसते गुण मोजत बसलात. भोकांकडे बघितलंत का कधी?

मेट्रन : बघवत नव्हतं मला. म्हणून तर फाडून टाकत होते.

सून : काका, ते इकडे द्या. छर्रा नाही ना आत?

मिस्त्री : नाही. बघून, उघडून ठेवलंय. पण तुम्हाला काय कळणार त्यातलं?

सून : पिस्तुलातलं काही कळत नाही. पण दिवसभर लोकांचे वाकडे दात बघते मी. हे असं उलटं धरते, उजेडाकडे… ही पुढची उभी पट्टी, जी मागच्या खाचेत धरून नेम घ्यायचा, तीच ना?

मिस्त्री : तीच.

सून : ही उजवीकडे कलली आहे. थोडीशीच. पण कलली आहे.

मिस्त्री : द्या बघू! भिंग कुठे गेलं माझं… अरे! अरे, खरंच की! पट्टीचं टोक उजवीकडे, ते खाचेच्या मधोमध आणायचं म्हणजे नळी डावीकडे वळणारच. काढतो ती. हे बघा, खाली काय आहे! रंगाचा वाळलेला थेंब! रंग वाळायच्या आधीच कुणीतरी पट्टी ठोकून मोकळा झालाय. हिला बसायला सरळ जागाच नाही!

सून : आणि मागची खाच?

मिस्त्री : तिची एक कड दुसरीपेक्षा उंच. आणि हा स्क्रू बघा, टिकटिक करतो पण मध्येच फिरतो नुसता, सरकत काहीच नाही. एका पिस्तुलात तीन दोष! त्या कारखान्यात माणसं काम करतात का डोळे मिटून बसतात? आणि माझ्यासारखा शहाणा सील बघून खूश! लाज वाटते बाई, खरंच. मी आत बघायला हवं होतं.

मेट्रन : लाज नंतर वाटून घ्या. सरळ होईल का?

मिस्त्री : रंग खरवडला की पट्टी सरळ बसेल. खाचेच्या उंच कडेला कानस लावतो. स्क्रू नवा मागवावा लागेल, तोपर्यंत जागेवर आणून लाखेचा थेंब टाकून ठेवतो. मग कुणी कितीही प्रेमानं फिरवला तरी फिरणार नाही.

सून : मला टोमणा मारायची गरज नव्हती.

मिस्त्री : मलाही मारला मी.

मेट्रन : अगं सूनबाई, तू कशाला डोळे पुसतेस?

सून : किती दिवस तुम्ही एकट्या घाबरत होतात. समोर बसून जेवत होतो आपण, आणि माझ्या भेटवस्तूला नावं ठेवायला नकोत म्हणून तुम्ही स्वतःलाच आंधळं ठरवलंत. पुढच्या वेळी मला सरळ शिव्या द्या, आई.

मेट्रन : देईन. यादी तयारच आहे.

मिस्त्री : झालं, पट्टी सरळ, कड सारखी, स्क्रूवर लाख! घ्या, चला पलीकडे. शांतपणे पाच मारा. आम्ही मागे उभे राहतो.

मेट्रन : मारते. पण कागद मी नाही बघणार. सूनबाई, तू बघ.

सून : मारा तर आधी.

मेट्रन : एक… थांब, श्वास सोडते. हं. दोन. तीन. बोलू नका, मिस्त्री.

मिस्त्री : मी कुठे बोललो?

मेट्रन : श्वास मोठ्यानं घेताय. चार. पाच. झालं. ठेवलं खाली. जा आता, बघ.

सून : आई, अगदी मध्यभागी तो ठिपका असतो ना?

मेट्रन : असतो. काय झालं त्याचं?

सून : आता नाही. त्याच्या जागी भोक आहे.

मेट्रन : आणि बाकीचे चार?

सून : त्याच भोकातून गेलेत सगळे. एक तेवढा किंचित कडेला लागलाय.

मेट्रन : तो चौथा. मिस्त्रींच्या श्वासाचा.

मिस्त्री : मग मेट्रनबाई, सेक्रेटरींना जाऊन काय सांगू? नाव काढा म्हणून?

मेट्रन : हात तर लावून बघा म्हणावं माझ्या नावाला!

सून : बरं, आणखी पाच मारून घ्या दुपारच्या आधी. कागद बदलू?

मेट्रन : बदल. पण थांब गं जरा, माझा चष्मा धर. आता मात्र मला खरंच काही दिसत नाहीये.