गाठ मारलेली पिशवी

…आणि वर मलाच विचारतात हो, "मॅडम, तुम्हाला खरंच कळलं नाही?" आता ह्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? गेवराईच्या कॉलेजात अकरा वर्षं पदार्थविज्ञान शिकवणारी बाई मी. स्वप्नाली मॅडम येताहेत म्हटलं की मुलं पट्टीसुद्धा सरळ धरतात. ध्वनी हा माझा विषय, ध्वनीवरच माझा दोनशे सोळा पानांचा प्रबंध, त्यात शुद्धलेखनाची चूक एक, तीही छापणाऱ्याची… आणि मला कळलं नाही! नाही कळलं. झालं समाधान? तुम्हाला सांगते, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं ऐकून तुम्हाला माझी कीव येईल, आणि कीव मला सहन होत नाही.

तर गिटार. विद्यापीठाच्या वसतिगृहात असताना घेतलेली, लाल, इलेक्ट्रिक. पंधरा वर्षं निमूट वाजली, आणि गेल्या दिवाळीत एकाएकी तिचा आवाज मला पातळ वाटायला लागला. आईला सांगितलं, तर आमच्या मातोश्री छबुबाई म्हणतात, "पातळ म्हंजे? वरणावानी?" आता काय बोलणार! मी म्हटलं, आई, मंद्र सप्तकात घनता कमी आहे, मधल्या पट्टीत ऊब नाही. ती म्हणाली, "मग उन्हात ठीव." पण मी निर्णयावर आले होते. दोष पिकअपचा. मी मोजल्याशिवाय बोलत नाही.

पिकअप म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर मागच्या बाकावरचे झोपतील. गिटारच्या तारांखाली चुंबक असतो, त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की खाली वेढ्यांत वीज थरथरते आणि तीच स्पीकरमधून आपल्या कानावर येते. आणि हंबकर म्हणजे अशा दोन कॉइल शेजारी शेजारी, एक सुलटी, एक उलटी, त्यामुळे वीजवाहिनीची जी घरघर आत शिरते ती एकमेकींत जिरून जाते. आमच्या गल्लीतल्या विजेचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे ते मान्य करतील, की हंबकर ही चैन नव्हे!

माझ्या गिटारमध्ये होते ते साधे हंबकर, कंपनीनं बसवलेले. बदलायचे, तर कोणते? मी तक्ता केला. चौतीस प्रकार, नऊ स्तंभ. चुंबक कुठला, वेढे किती, रोध किती, दशांशचिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत! स्टाफरूममध्ये लोक मुलांची लग्नं ठरवतात, तिथे मी चुंबक ठरवत होते. सिरॅमिकचा चुंबक आवाजाला धार आणतो, अल्निकोचा गोलाई आणतो, असं जगभरचे वादक लिहितात, आणि ते वाचताना मला एकदाही वाटलं नाही हो, की "कशावरून?" हा जो प्रश्न मी विद्यार्थ्यांना दिवसातून चाळीस वेळा विचारते, तो ह्यांनाही विचारावा. अखेर एक जोडी निवडली, परदेशातून मागवली, एकेचाळिसाव्या दिवशी ती आली. खोका प्लास्टिकमध्ये गच्च लपेटलेला, वर चकचकीत शिक्का. तो मी फोडला नाही. शिक्का पिकअप बसवणाऱ्यानंच फोडावा, हा माझा नियम.

बसवणार कोण? तर आमचे मुस्तकीमभाई. बीड रोडला त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान, पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात आणि नवी तार भरून जातात. बारीक तारेला हात लावावा तर त्यांनीच. शिवाय त्यांची अदिबा माझीच विद्यार्थिनी, शेवटच्या वर्षाला. मी गिटार टेबलावर ठेवली, खोका शेजारी ठेवला, आणि सव्वीस मिनिटं त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी काय केलं असेल? गिटार उचलली, नाकाशी नेली… आणि हुंगली! अहो, हुंगली! "वास न्हाई मॅडम," म्हणाले. "जळालेली कॉइल वास मारती. जे जळालं न्हाई ते आमी खोलत न्हाई. कावून खोलायचं?"

मी मनात म्हटलं, बघा, एकविसावं शतक, आणि निदान नाकानं! तोंडानं म्हटलं, "मुस्तकीमभाई, हा वासाचा विषय नाही, वारंवारतेचा आहे." ते म्हणाले, "पर मॅडम…" मी म्हटलं, "तुम्ही बसवा हो, चार दिवसांनी येते." आणि निघाले. त्यांचं ते "पर मॅडम" तिथेच राहिलं. तेव्हा ते पुरं ऐकलं असतं ना… जाऊ दे.

आता ह्या दुकानाची एक रीत आहे, ती नीट लक्षात ठेवा. मोटार भरून झाली की आतली जुनी जळकी तार मुस्तकीमभाई ठेवून घेत नाहीत. कापडी पिशवीत घालायची, वर घट्ट गाठ मारायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची: "तुमचं तांबं तुमच्याकडं." उद्या कुणी म्हणू नये, की मुस्तकीमनं माल मारला. अख्ख्या तालुक्यात ह्या गाठीवर त्यांचं नाव आहे.

चार दिवसांनी गेले. गिटार पुसून ठेवलेली, आणि शेजारी पिशवी. गाठ मारलेली. "मॅडम, दोनी कॉइल तपासल्या. चांगल्या हायत. मी कायच केलं न्हाई."

मी हसले. आपल्याकडे कुठला कारागीर स्वतःच्या तोंडानं "मी केलं" म्हणतो? सुतार दार बसवून म्हणतो कायच केलं न्हाई, डॉक्टर टाके घालून म्हणतो काहीच नाही केलं! मी म्हटलं, "हा तुमचा विनय."

"विनय न्हाई मॅडम, खरंच कायच…"

"मोठे आहात तुम्ही, मुस्तकीमभाई!" आणि पिशवी घेतली. आत खोका लागला हाताला. मी तर्क केला: जुने पिकअप काढून नव्याच्या खोक्यात घातले. व्यवस्थित माणूस! घरी येऊन पिशवीवर चिठ्ठी लावली, माझ्या वळणदार अक्षरात: "जुने. दर्जा निकृष्ट." गाठ सोडली नाही. अहो, पावाचं पाकीटसुद्धा मी तारीख बघून ठेवते… आयुष्यात ही एकच वस्तू न बघता ठेवली.

आणि मग वाजवली. काय सांगू तुम्हाला! काय तो आवाज! तो खालचा घनपणा, ती मधली ऊब, तार स्वरांतली ती पारदर्शकता… माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहीत नोंदी केल्या, फरक क्रमांक एक ते सात. आई भाजी निवडत होती, म्हणाली, "तसंच तर वाजतंय की गं." मी म्हटलं, आई, तुझे कान प्रशिक्षित नाहीत. स्वतःच्या आईला! पण मला खात्री होती. मी मोजल्याशिवाय बोलत नाही.

आता इथे अदिबा येते, आणि इथून पुढे माझा आवाज जरा उतरेल.

अदिबाचा प्रकल्प होता पिकअपवरच. तुम्ही वरातीत बेंजो ऐकला असेल, बटणं दाबून तारा छेडतात तो. फकीरभाईंच्या बँड पार्टीतला बेंजो तिनं घेतला, त्यावर आळीपाळीनं तीन पिकअप चढवले: एक महागडा, एक बाजारातला, एक तिच्या अब्बांनी भरलेला. पडद्याआड फकीरभाई वाजवणार, पडद्यापुढे पार्टीतले बारा वादक ओळखणार. बाराच्या बारा जणांनी अंदाजपंचे सांगितलं. निष्कर्ष एका ओळीचा: "पिकअप कोणता हे ठाऊक नसेल, तर कानाला फरक ओळखता येत नाही." आमच्या कॉलेजातून विद्यापीठाच्या प्रदर्शनाला एकच प्रकल्प जाणार होता. तो गेला असता तर एम.एस्सी.च्या आधी पोरीनं तिथली प्रयोगशाळा पाहिली असती, तिथल्या माणसांनी हिला पाहिलं असतं. आणि मी त्यावर लाल शाईनं लिहिलं: "श्रोते अप्रशिक्षित. निष्कर्ष अमान्य."

ती म्हणाली, "मॅडम, बावीस वर्षं वाजवतेत ते."

मी म्हटलं, "वाजवणं वेगळं, ऐकणं वेगळं. माझी गिटार ऐक म्हणजे कळेल."

"ऐकली मॅडम. पडद्याआडून ऐकायची हाय."

उद्धट वाटली मला! प्रकल्प परत केला.

मग आला विज्ञान दिन. सभागृहात दोनशे मुलं, पहिल्या रांगेत प्राचार्य, तिसऱ्या रांगेत पालक, त्यात मुस्तकीमभाई इस्त्रीचा सदरा घालून. भिंतीशी फकीरभाई, कारण स्पीकर त्यांचाच होता. माझं प्रात्यक्षिक: "श्रवणाचे शास्त्र". मी वाजवलं, सातही फरक समजावले, टाळ्या झाल्या. मुस्तकीमभाई मात्र माझ्याकडे असे बघत होते, जणू मोटार उलटी फिरताना दिसत होती! मी म्हटलं, भारावलेत. आणि मग मी टेबलाखालून ती पिशवी काढली. "आणि आता बघा, ह्याच गिटारमधून काढलेले हे निकृष्ट पिकअप!"

गाठ सुटेना. दातानं सोडवली, दोनशे मुलांसमोर. पिशवीतून खोका निघाला. प्लास्टिकमध्ये गच्च लपेटलेला. वर चकचकीत शिक्का. अखंड!

तुम्हाला सांगते, शांततेलाही आवाज असतो, माझ्या प्रबंधात त्यावर प्रकरण आहे, पण असली शांतता त्यात नाही. माझ्या डोक्यात एक वाक्य तयारसुद्धा झालं, "ही दुसरी जोडी, नमुन्यादाखल आणली आहे." व्याकरणशुद्ध, खोटं वाक्य! ओठांपर्यंत आलं होतं… तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मुस्तकीमभाई उठले.

"माफ करा मॅडम, माझी चूक हाय. नवे बसवायचे म्या इसरलो. पिशवी बी चुकून दिली."

ज्या माणसाचं अख्ख्या तालुक्यात एका गाठीवर नाव आहे, तो माणूस भर सभेत स्वतःचं नाव माझ्यासाठी खाली ठेवत होता! आणि मी काय केलं? मी गप्प बसले. ऐका, हे मला कुणी विचारलेलं नाही, मी आपण होऊन सांगतेय: मी गप्प बसले. चार सेकंद असतील, पाच असतील. तेवढ्या वेळात मी ती चूक त्यांच्या नावावर जाऊ देत होते.

मग मागून आवाज आला. "अब्बा, खोटं कावून बोलता? तुमी त्यांना सांगितलं हुतं ना, कायच केलं न्हाई म्हणून?"

"गप बेटा. मॅडम हायत त्या."

"मग तर खरंच सांगायला पायजे!"

तेव्हा माझं तोंड उघडलं. मी म्हटलं… काय म्हटलं ते शब्दशः आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरं. मुस्तकीमभाई विसरले नाहीत, त्यांनी तीनदा सांगितलं, मी तीनदा तोडलं, असं काहीसं. गिटारमध्ये काहीही बदललेलं नाही, सातही फरक माझ्या डोक्यात झाले, असंही. प्राचार्य छताकडे बघत होते. फकीरभाई भिंतीपासूनच म्हणाले, "मॅडम, वाजलं मात्र लई झकास!" आणि सभागृह जे हसलं, जे हसलं… मीही हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

संध्याकाळच्या आत अदिबाचा प्रकल्प विद्यापीठाकडे रवाना केला. लाल शाईवर रेघ मारली, खाली सही, तारीख, वेळ. वाटलं, संपलं. पण ती पोरगी दारातच उभी.

"मॅडम, येक इचारू? बारा श्रोते हायत. तेरावं नाव तुमचं लिहू का? तुमचा निकाल तर लई साफ हाय."

बरोबर होतं तिचं. पद्धतीत बसत होतं. मीच शिकवलंय तिला, की गैरसोयीचं निरीक्षण गाळायचं नसतं. म्हटलं, लिही.

तिनं तक्ता काढला, पट्टी सरळ धरली, नाव लिहिलं, आणि शेवटच्या स्तंभाशी पेन थांबवलं. "प्रशिक्षित लिहू, का अप्रशिक्षित?"

"प्रशिक्षित," मी म्हटलं. "त्याशिवाय निष्कर्षाला वजन येणार नाही."

झालं. आता तो तक्ता विद्यापीठात लागलाय, तेराव्या ओळीसह, आणि माझेच जुने प्राध्यापक त्याच्यापुढे उभे राहून मला फोन करतात, "स्वप्नाली, ही तूच का गं? तुला खरंच कळलं नाही?"

आणि खरी लाजिरवाणी गोष्ट तर पुढेच आहे. परवा गिटार घेतली, म्हटलं चला, निदान ही तरी आपली आहे. वाजवली… तर पातळ! तीच गिटार, त्याच कॉइल, आणि पुन्हा वरणावानी पातळ! खालची घनता गेली, मधली ऊब गेली, सातही फरक आले तसे गेले. तशीच उचलली, बीड रोडला नेली, टेबलावर तो खोका ठेवला आणि मान खाली घालून म्हटलं, मुस्तकीमभाई, एवढे बसवूनच टाका. त्यांनी गिटार उचलली, नाकाशी नेली, हुंगली.

"वास न्हाई मॅडम."

ह्या वेळी मी मध्ये बोलले नाही. पूर्ण ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "येक काम करा. चार दिस ठिवून जा हितं. मी कायच करत न्हाई… नंतर घेऊन जा, वाजंल झकास."

आणि मी ठेवून आले हो. उद्या आणायला जायचंय. झकास वाजणार, खात्री आहे मला… आणि हे मी मोजलेलं नाही.